भरजरीची पानगळ

बाभुळगावात कोंबड्यांविषयी कुणाला काही अडलं, तर त्यानं सरळ मधुसूदनरावांचं घर गाठावं, असं खुद्द मधुसूदनरावच सगळ्यांना सांगत असत! तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या, त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. पण आत्मविश्वास असा, की जगातलं पहिलं अंडं यांच्याच सहीनं मंजूर झालं असावं.

"कोंबडी म्हणजे काय हो? आपल्या निगेचा आरसा!" ते कुंपणाच्या भिंतीवर चहाचा कप ठेवून म्हणायचे. "आमच्या भरजरीचं एक पीस जरी गळलं न, तर मी मिशा काढून टाकीन!"

भरजरी ही त्यांची लाडकी. नाव कुंदाताईंनी ठेवलेलं, आणि त्या नावाला शोभेल असंच रूप! तांबूस अंग, मानेवर सोनेरी पिसांची झालर, ऊन पडलं की लग्नातल्या शालूसारखी झळकायची. बाकीच्या दोघी कोंबड्या तिच्यापुढे मोलकरणी वाटायच्या.

भिंतीपलीकडे नानाजी. गावालगतच्या वावरात कपाशी, सोयाबीन, तूर पिकवणारा माणूस, आणि मधुसूदनरावांचा रोजचा चहाचा सोबती. भरजरीकडे बघून तो म्हणायचा, "मधुभाऊ, तुमी हिले तोंड धुवाले साबण देता का काय जी?"

"साबण नाही नानाजी, शिस्त! शिस्त लागते!"

नानाजीच्या पायाशी त्याचा कुत्रा पसरलेला असायचा. वासराएवढा, ढगाच्या रंगाचा, म्हणून नाव बादल. आकार बघून चोर पळत, आणि स्वभाव बघून मांजरी त्याच्या अंगावर झोपत.

दसरा होऊन गेला. सोयाबीनची सोंगणी उरकली, कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली, आणि एका सकाळी मधुसूदनराव खुराड्याचं दार उघडून आत बघतात तो काय! जमिनीवर पिसांचा सडा! कापसाच्या जिनिंगमध्ये रुईची गाठ फुटावी तसा! आणि मधोमध भरजरी. तिच्या डोक्याचा मागचा भाग उघडा पडला होता, अगदी मधुसूदनरावांच्या स्वतःच्या डोक्यासारखा.

"कुंदा! ए कुंदा! घात झाला!"

कुंदाताई कणकेच्या हातानं धावत आल्या. त्यांनी भरजरीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या मिशांकडे पाहिलं.

"मिशांचं नंतर पाहू," मधुसूदनराव घाईनं म्हणाले. "आधी हे कुणाले सांगू नको!"

त्या दिवसापासून त्यांची कसरत सुरू झाली. सकाळी झाडून पिसं गोळा करायची, पोत्यात कोंबायची. दुपारपर्यंत पुन्हा सडा! मान उघडी पडली, पाठ उघडी पडली. भरजरीनं अंडी देणं बंद केलं. तिचा लालबुंद तुरा फिका पडून आक्रसला. हळदीचं तेल चोळायला हात लावला की ती अशी किंचाळायची, की गल्लीतल्या लोकांना वाटायचं मधुसूदनराव रोज कोंबडी कापतात!

मोबाइलवर शोधलं तर तिथं कारणांचा बाजार भरलेला. उवा असतील, कोंबडा त्रास देत असेल (कोंबडा नव्हताच!), खाण्यात काही कमी असेल, मानसिक ताण असेल. मधुसूदनरावांनी ताण पकडला. खुराड्याशेजारी रेडिओ नेऊन ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ भजनं लावली.

"तिले ताण आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"अन् मले?" कुंदाताई म्हणाल्या. "माह्याजवळ कधी रेडिओ आणून ठेवला का तुमी?"

अशात एके दिवशी मधुसूदनराव अंगणात आले, तर भिंतीच्या या बाजूला, कडुनिंबाखाली बादल निवांत झोपलेला. आणि त्याच्या नाकावर, श्वासागणिक वरखाली होत, एक सोनेरी पीस!

झालं! मधुसूदनरावांच्या डोक्यात पुरावा, आरोपी आणि निकाल एका दमात तयार झाले.

"नानाजी! बाहेर या! तुमच्या कुत्र्याच्या नाकावर काय आहे ते पाहा!"

नानाजी भिंतीवरून वाकला. "नाकावर काय राहीन जी? वास घेऊन राह्यला असन."

"पीस आहे, पीस! भरजरीचं! रोज येऊन तिची पिसं उपटून राह्यला हा!"

"बादल?" नानाजी हसायलाच लागला. "अवो, थो आमच्या घरच्या उंदरालेही भेते!"

हसला तिथंच बिनसलं. मधुसूदनराव संतापले, आणि संतापले की त्यांच्या तोंडून कचेरी बोलायची. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सदरहू कुत्र्यास आपल्या हद्दीत बांधून ठेवण्यात यावे! अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल!"

आता बघा, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. शिव्या देऊन दोघं संध्याकाळी पुन्हा चहा प्यायले असते. पण 'सदरहू'! सदरहू म्हटलं की शेजार संपतो आणि प्रकरण सुरू होतं.

नानाजीचं हसू मावळलं. तो भिंतीपासून मागं सरला. "बरं साहेब," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं मधुसूदनरावांना पहिल्यांदा साहेब म्हटलं.

बादलला बांधलं. पण त्याला जन्मात दोरी ठाऊक नव्हती. तो असा रडायचा, की ऐकणाऱ्याच्या घशाखाली घास उतरू नये. शेवटी नानाजीनं त्याला बोरी अरबला आपल्या भाच्याकडे, घनश्यामकडे पाठवायचं ठरवलं. मालाच्या टेम्पोत बादलला चढवताना नानाजीची बायको भागीरथाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. बादल मागच्या फळीवर पाय ठेवून भिंतीकडे बघत गेला.

मधुसूदनरावांनी खिडकी लावून घेतली. पण न्याय झाला होता! आता भरजरी बरी होणार!

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुराडं उघडलं, तर आदल्या दिवसाच्या दुप्पट पिसं! छातीची गेली, पंखांची गळायला लागली. तिसऱ्या दिवशी शेपटी गेली. एकदम! जणू कुणी काढून खिळ्यावर टांगून ठेवली. आणि जी भरजरी शालू नेसून हिंडायची, ती आता कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, भाजायला ठेवलेल्या वांग्यासारखी.

मधुसूदनराव मटकन पायरीवर बसले.

"कुंदा," ते म्हणाले, "कुत्रा नव्हता."

"हो न," कुंदाताई म्हणाल्या.

"मग हा रोग आहे. मोठा रोग. तिचं काही खरं नाही."

त्यांचा आवाज असा फाटला, की कुंदाताईंनी टोमणा गिळला. त्यांनी भाजीची मोठी पिशवी आणली, तळाशी जुनं लुगडं अंथरलं, भरजरीला अलगद आत ठेवलं. पिशवीतून फक्त तिची बोडकी मान बाहेर. दोघं नवराबायको चालतच जनावरांच्या दवाखान्यात निघाले. वाटेत प्रत्येकजण विचारायचा, "काय आणलं साहेब बाजारातून?" आणि पिशवीतून मान वळून त्याच्याकडे बघायची!

दवाखान्यात एक माणूस म्हैस घेऊन थांबला होता. त्यानं भरजरी पाहिली आणि म्हशीला घेऊन दोन झाडं लांब जाऊन उभा राहिला. म्हैससुद्धा वळून वळून बघत होती.

डॉक्टर सुरभी तरुण होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मधुसूदनरावांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "जे असेल ते स्पष्ट सांगा. माझी तयारी आहे."

"खाते का?"

"खाते. पहिल्यापेक्षा जास्तच."

डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, नाक पाहिलं, पंखाखाली उवा-पिसवा आहेत का ते बारकाईनं पाहिलं, कातडीवर कुठं जखम आहे का ते पाहिलं. मग त्या सरळ उभ्या राहिल्या. "पिसं कुठून गळायला लागली आधी?"

"डोक्यावरून. मग मान. मग पाठ, छाती. मग पंख. अन् आता शेपटी."

"म्हणजे कशी अगदी रांगेनं गेली, नाही का काका?"

मधुसूदनरावांनी डोळे उघडले.

"चोच मारली असती, कुणी उपटली असती, तर अशी रांग लागली असती का? कुठूनही गेली असती," डॉक्टर म्हणाल्या. "हिला काही झालेलं नाही. ही जुने कपडे बदलते आहे. वर्ष-सव्वा वर्षाची झाली की पहिल्यांदा होतं हे, आणि मग साधारण दरवर्षी, दिवस लहान व्हायला लागले की."

"दिवस लहान झाले हे तिले कोण सांगते?"

"कुणी नाही. उजेड कमी झालेला तिच्या अंगाला कळतो. थंडीच्या आधी नवं पांघरूण पाहिजे, म्हणून जुनं टाकून देते."

आयुष्यभर मधुसूदनराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत जगले. खिडकीबाहेर उजेड रोज कणाकणानं कमी होतो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आणि त्यांच्या अंगणातली ही कोंबडी, जिला ते शिस्त शिकवत होते, ती सूर्याचा हिशेब आपल्या कातडीत घेऊन फिरत होती!

"आणि अंडी?" कुंदाताईंनी विचारलं.

"पीस तयार व्हायला ताकद लागते हो. दाण्यातून, किड्यातून जे काही मिळतं, ते सगळं आता पिसांकडे जातं. अंडी आणि पिसं दोन्ही एकदम नाही झेपत तिला. आधी स्वतःचं अंग, मग संसार."

कुंदाताईंनी हे वाक्य असं कान देऊन ऐकलं, की मधुसूदनरावांना पुढचं भविष्य दिसलं. (त्या संध्याकाळी खिचडी त्यांनीच टाकली. करपली, पण टाकली!)

"हे बघा," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "हात नका लावू, दुखतं तिला. नुसतं बघा."

दोघं वाकले. भरजरीच्या बोडक्या मानेवर निळसर-काळे बारीक काटे उगवले होते, रांगा धरून, जवळजवळ. हजारो! प्रत्येक काट्यात रक्त खेळत होतं, म्हणून तर हात लावला की ती किंचाळायची. आणि एका काट्याचं टोक फुटलं होतं. त्या फटीतून, पऱ्हाटीच्या बोंडातून कापूस डोकावावा तसा, पिसाचा एक सोनेरी केस बाहेर आला होता. ओलसर, चिमुकला, पण सोनं ते सोनंच.

मधुसूदनरावांचा श्वास चष्म्यावर जमला. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. बाहेर म्हैसवाला ओरडून विचारत होता, "मेली का जी?" पण त्यांना ऐकू आलं नाही. एवढ्याशा काट्यात अख्खं पीस घडी घालून ठेवलेलं! कुणी ठेवलं? कधी ठेवलं? आणि ते आठवडाभर त्याच्यावर हळदीचं तेल चोळत होते!

"भाजलेलं सोयाबीन द्या, शेंगदाण्याची पेंड द्या, सुकट द्या," डॉक्टर म्हणाल्या. "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला तिच्या मनासारखं राहू द्या. दोन-अडीच महिने जातील."

घरी परतताना मधुसूदनराव एकदम रस्त्यात थांबले.

"कुंदा. बादल."

कुंदाताईंनी फक्त पिशवी आपल्या हातात घेतली, म्हणजे नवऱ्याला थेट नानाजीच्या दारात जाता यावं.

नानाजी ओट्यावर बसला होता. समोर चहा निवत होता. मधुसूदनराव अंगणात उभे राहिले. त्यांनी वाक्य जुळवायला सुरुवात केली, "नानाजी, सदर प्रकरणी..." आणि तिथंच थांबले. मग म्हणाले, "नानाजी, मी भैताड आहे."

नानाजीनं चहाचा कप बाजूला सरकवला.

"कोंबडीनं सांगतलं का?" त्यानं विचारलं.

"कोंबडीनंच सांगतलं," मधुसूदनराव म्हणाले, आणि जे जे पाहिलं ते सांगायला लागले. काटे, काट्यातलं रक्त, टोकातून निघालेला सोनेरी केस, उजेडाचा हिशेब. सांगता सांगता ते कधी ओट्यावर बसले, निवलेला चहा कधी त्यांनीच पिऊन टाकला, कुणालाच कळलं नाही. नानाजीही राग विसरून ऐकत होता.

"म्हंजे पानगळच म्हना न!" तो म्हणाला. "झाडाची होते तशी. अन् इतकी वर्षं आमच्या घरी कोंबड्या होत्या, माय म्हणे, 'आंग टाकून राह्यली कोंबडी, राहू दे.' मी कधी वाकून पाह्यलंच नाही, राजेहो!"

आतून भागीरथाबाईचा आवाज आला, "कोंबडीचं झालं असन तं कुत्र्याचं बोला!"

सकाळ होताच दोघं नानाजीच्या मोटरसायकलवर बोरी अरबला निघाले. यवतमाळ ओलांडेपर्यंत मधुसूदनराव मागं बसून सारखे विचारत होते, "चावन का मले?"

"चावला पाह्यजे," नानाजी म्हणायचा.

घनश्यामचं घर बाजाराच्या कडेला होतं. "मामा, बरं झालं आले!" तो म्हणाला. "हे कुत्रं काही खाऊनच नाही राह्यलं. दिवसभर रस्त्याकडं तोंड करून बसते."

बादल खाटेखाली होता. हाडं मोजून घ्यावीत असा. नानाजीची चाहूल लागली तशी त्यानं मान उचलली, आणि मग तो जो उठला! खाट उलटी, घनश्यामची पाण्याची घागर आडवी! नानाजीनं दोन्ही हात पसरले. बादल त्या हातांखालून निघून, सरळ मधुसूदनरावांच्या अंगावर!

मधुसूदनरावांनी डोळे मिटले. शिक्षा होणार, आणि ती योग्यच आहे, असं मनाशी मान्य केलं. छातीवर दोन भलेमोठे पाय आदळले. ते मागं पडले, चष्मा उडाला, आणि मग कपाळापासून हनुवटीपर्यंत, मिशांसकट, एक ओली खरबरीत जीभ फिरली. एकदा नाही, दहादा! आरोप काय होता, शिक्षा काय झाली, कुणी केली, कशाचाच त्या जनावराला पत्ता नव्हता. भिंतीपलीकडचा आपला माणूस आला होता, बस्स!

"अरे, मी आहे... अरे, मीच तुले..." मधुसूदनराव जमिनीवर पडल्यापडल्या बोलत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते बादलच्या लाळेत मिसळलं, म्हणून अब्रू वाचली.

परत येताना नानाजी पुढं, मधुसूदनराव मागं, आणि मधे बादल, मधुसूदनरावांच्या मांडीवर बूड टेकून, नानाजीच्या खांद्यावर हनुवटी ठेवून. यवतमाळच्या चौकात सिग्नलला अख्खा रस्ता त्यांच्याकडे बघत होता. एका बाईनं विचारलं, "कुत्र्याले कुठं नेता जी?" मधुसूदनराव छाती काढून म्हणाले, "कुठं नेत नाही. घरी आणून राह्यलो!"

पुढचे दिवस भिंतीवर चहाचे कप पुन्हा आले, पण गप्पा बंद झाल्या. दोघंही नुसते बघत बसायचे. काटे लांब झाले, टोकं फुटली, आवरणाचा भुसा झडून पिसं उलगडली. कधी एका रात्रीत पंखाची कड भरलेली दिसायची. कधी पाठीवर तांबूस साय धरलेली. सुकटीच्या वासानं गल्लीतल्या सगळ्या मांजरी कुंपणावर ओळीनं बसायच्या. त्यांच्याखाली बादल, त्याच्याही डोळ्यांत नवल. इतर दोघी कोंबड्याही आता गळायला लागल्या होत्या, आणि मधुसूदनराव त्यांच्यासमोर रेडिओ लावत नव्हते.

थंडीचा कडाका पडला तशी एका सकाळी भरजरी खुराड्यातून बाहेर आली. उन्हाच्या पहिल्या पट्ट्यात थांबली, आणि तिनं अंग फुलवलं.

बाप रे! आधीचं सोनं कुठलं, ते तर पितळ होतं! मानेवरची नवी झालर अशी पेटली, की कुंदाताईंच्या हातातला दाण्यांचा डबा तसाच राहिला. तांबड्या पाठीवर प्रत्येक पिसाला वेगळी किनार होती, आणि ती किनार कुणी काढली नव्हती, कुणी भरली नव्हती, मधुसूदनरावांच्या शिस्तीनं तर मुळीच आली नव्हती. नानाजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. भागीरथाबाईनं भिंतीवरून हात जोडले. भरजरीनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि माती उकरायला लागली.

मधुसूदनराव त्या दिवसापासून बदलले. कुणी त्यांच्यापुढे कोंबड्यांचा विषय काढला, की ते आवाज खाली आणून, देवळात बोलावं तसं बोलायचे.

अशाच एका दुपारी कुंदाताईंचा फोन वाजला. त्या अंघोळीला गेल्या होत्या, म्हणून मधुसूदनरावांनी घेतला. राजूरहून कुंदाताईंचा भाचा पिंटू बोलत होता.

"काकाजी, मावशी आहे का? थे कोंबडीचं विचाराचं होतं. पिसं पुरी निघाली तिची, आता—"

"निघाली? पुरी?" मधुसूदनराव खुर्चीत सरसावून बसले. "घाबरू नको पिंटू! अजिबात घाबरू नको! ही निसर्गाची फार मोठी गोष्ट आहे. तिला हात लावू नको. शांत राहू दे. तिच्या आत काय चाललं आहे याची तुला कल्पना नाही!"

"हो काकाजी, पण—"

"पण नाही न् बिण नाही! नुसता बघत राह्य! दोन-अडीच महिने लागतील. मग एका सकाळी ती उन्हात येऊन अशी उभी राहीन न, की तू हात जोडशील!"

पिंटूच्या मागं कुकरची शिटी झाली.

"काकाजी," तो घाबरत म्हणाला, "घरी पाव्हणे येऊन बसले आहेत. मी फक्त विचारून राह्यलो, रश्शात खोबरं भाजून घालू का कच्चं?"